अंतिम वापरकर्ता

विद्यापीठाच्या बांधकाम विभागातल्या वरिष्ठ लिपिकाने 'अंतिम वापरकर्ता' या शब्दाची व्याख्या रविवारी दुपारी, स्वतःच्या घरी, पायाची नखे कापता कापता केली. एरवी असली कामे तो घरी आणत नसे. पण वरून पत्र आले होते की यापुढे प्रत्येक सरकारी विद्यापीठाने इमारत बांधताना लागणारे शब्द आधी ठरवावेत, त्यांच्या व्याख्या पुस्तिकेत छापाव्यात आणि मगच पायाचा खड्डा खणावा. एकूण एकशे चौदा शब्द होते. 'आराखडा', 'कार्यारंभ आदेश', 'दोष-दायित्व कालावधी' अशा एकशे तेरा शब्दांच्या व्याख्या त्याने जुन्या फायलींतून उचलल्या होत्या. हा एकच शब्द कुठे सापडेना. जुन्या फायलींत इमारती होत्या, त्या वापरणारे कोणी नव्हते.

बायको शेजारी इस्त्री करत होती.

"इमारत वापरणारा म्हणजे कोण गं?" त्याने विचारले.

"जो वापरतो तो."

"तसं लिहिता येत नाही. आता आपल्या घराचं घे. आपल्या घराचा वापरकर्ता मी."

"तुम्ही?" तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही घरात राहता. सकाळी दार कोण उघडतं? झोपताना कड्या, गॅस, गच्चीचं दार कोण बघतं? गच्चीच्या दाराची कडी वर आहे का खाली, सांगा बरं."

त्याने मान वळवली; इथून ते दार दिसत नव्हते. पण मुद्दा कामाचा होता. त्याने नेलकटर बाजूला ठेवला आणि लिहिले : 'अंतिम वापरकर्ता म्हणजे ती व्यक्ती, जी सदर इमारत दररोज प्रत्यक्ष उघडते व बंद करते.' 'प्रत्यक्ष' हा शब्द त्याने स्वतःच्या मनाने घातला होता आणि तो त्याला फार आवडला.

सोमवारी कार्यकारी अभियंत्यांनी पुस्तिकेवर सही केली. त्यांनी फक्त पाने मोजली. महिन्याभरात व्यवस्थापन परिषदेने पुस्तिका 'वाचली असे समजून' मंजूर केली. लिपिकाच्या डोक्यावरचे ओझे उतरले आणि तो सारे विसरून गेला.

नव्या पुस्तिकेनुसार बांधायची पहिली इमारत प्राणिशास्त्र विभागाची निघाली. हा विभाग सव्वीस वर्षे एका जुन्या गोदामात होता. छत गळू लागले की सापांच्या बरण्या कोणत्या कपाटातून कोणत्या कपाटात हलवायच्या, याचे वेळापत्रक तिथे भिंतीवर लावलेले होते. विभागप्रमुख मॅडमनी सव्वीसपैकी अकरा वर्षे या इमारतीसाठी पत्रे लिहिली होती. नकाशे आले तेव्हा त्यांनी ते टेबलावर पसरले, स्वतःच्या केबिनवरून दोनदा हात फिरवला आणि 'अंतिम वापरकर्ता' या चौकटीत झोकात सही केली.

आठवड्याने फाईल छाननी शाखेतून परत आली. वर शेरा होता : 'व्याख्या क्र. ९७ पाहता, सही करणारी व्यक्ती इमारत प्रत्यक्ष उघडते काय?'

मॅडमनी लिपिकाला बोलावून घेतले.

"हे काय आहे?"

"शेरा आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. मी अकराला येते. तेव्हा विभाग उघडलेला असतो. मग उघडतं कोण?"

लिपिकाने दाराकडे पाहिले. दारात मामा उभे होते. मामा म्हणजे विभागाचे शिपाई. सव्वीस वर्षे रोज सकाळी साडेसातला तेच गोदाम उघडत आणि संध्याकाळी तेच बंद करत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, त्यामुळे ते येत आहेत हे दोन खोल्या आधीच कळे. आत्ता ते हलले नव्हते म्हणून कळले नव्हते.

"व्याख्या बदला," मॅडम म्हणाल्या.

"परिषदेपुढे न्यावी लागेल. पुढची बैठक सहा महिन्यांनी आहे."

"आणि काम कधीपर्यंत सुरू व्हायला हवं?"

"वर्षअखेरपर्यंत. नाहीतर मंजुरी रद्द होते."

वर्षअखेर नऊ आठवड्यांवर आली होती. मॅडमनी थोडा वेळ समोरच्या बरणीतल्या बेडकाकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "मामा, इकडे या. इथे सही करा."

मामा पुढे आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला, आणि नकाशाकडे बघत राहिले. लिपिकाने पेनाचे टोपण काढून पेन पुढे धरला होता. तो तसाच धरून राहिला.

"कशावर सही आहे ही?" मामांनी विचारले.

"इमारत वापरायला योग्य आहे, असं तुम्ही म्हणताय," लिपिक म्हणाला.

"मग बघायला लागेल ना."

"काय बघणार?"

"योग्य आहे का ते."

यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मामा नकाशे घरी घेऊन गेले. चार दिवस झाले, पाच झाले. सहाव्या दिवशी ते बांधकाम विभागात आले आणि त्यांनी लिपिकाच्या टेबलावर वहीचे एक पान ठेवले. 'दारे ५२. बाहेर जायच्या वाटा ४. दिव्यांची बटणे खोलीच्या आत, म्हणजे दिवा बंद करून अंधारात दार शोधायचे. किल्ल्या अडकवायला जागा नाही.' खाली, थोडी जागा सोडून : 'बाकी इमारत चांगली आहे.'

लिपिकाने वास्तुविशारदाला फोन लावला. वास्तुविशारद तरुण होता आणि ही त्याची पहिलीच मोठी इमारत होती. तो तासाभरात हजर झाला.

"चार प्रवेशद्वारं हा या इमारतीचा आत्मा आहे," तो म्हणाला. "चारी दिशांनी उजेड येतो. माणसं येतात. इमारत श्वास घेते."

"उजेडाला माझी ना नाही, साहेब," मामा म्हणाले. "पण चार वाटांनी माणसं बाहेर पडली की आत कोण राहिलं, ते कसं कळायचं? आपल्या गोदामाला दोनच वाटा आहेत, तरी ते बाहेरगावचे परीक्षक शनिवारपासून सोमवारपर्यंत आत राहिले होते. बिस्किटांवर."

"त्या वर्षी निकाल कमी लागला होता," मॅडम सावकाश म्हणाल्या. ही बैठक होतेय म्हटल्यावर त्याही येऊन बसल्या होत्या. "तो याच्यामुळे?"

"मला निकालाचं माहीत नाही, मॅडम. मी दार उघडलं तेव्हा ते काही बोलले नाहीत."

वास्तुविशारदाने समजावून पाहिले की नकाशावर अंतरे वाटतात तशी ती नसतात. मामा म्हणाले, "मग चालून बघू." लिपिकाला वाटले की ही बोलण्याची पद्धत असेल. ती नव्हती.

रविवारी सकाळी मामांनी वाहने लावायच्या मोकळ्या पटांगणावर खडूने तळमजला आखला. खऱ्या मापाचा. भिंतीला दोन रेघा, दाराला फट, जिन्याला फुली. वास्तुविशारद टेप धरायला आला होता, कारण आपल्या इमारतीची मापे चुकीची आखली जातील ही भीती त्याला घरी बसू देईना. लिपिकाच्या हातात घड्याळ होते. मामांनी कमरेचा जुडगा सोडला आणि फेरी सुरू केली. प्रत्येक दारापाशी ते थांबत, हवेत किल्ली फिरवत, कडी ओढून पाहत आणि पुढे जात. मत्स्यालयापाशी ते मागे फिरले.

"काय झालं?" लिपिकाने विचारले.

"दिवा राहिला."

एवढ्यात मॅडम आल्या. आपली केबिन खऱ्या मापात केवढी दिसते, ते त्यांना बघायचे होते. त्या तरातरा पटांगण ओलांडून थेट केबिनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम," मामा लांबून म्हणाले, "तिथं भिंत आहे."

मॅडमनी खाली पाहिले. मग त्या भिंतीतून बाहेर आल्या, वळसा घालून मुख्य दाराशी गेल्या, व्हरांड्यातून चालत आल्या आणि दारातून आत शिरल्या. "बरीच लांब आहे की," त्या म्हणाल्या.

"केबिनला मागूनही दार दिलंय ना तुमच्यासाठी," वास्तुविशारद म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले. "मी पुढचं दार लावणार, मॅडम मागच्यानं जाणार, आणि मागचं रात्रभर उघडं."

"मी दार लावून जाते," मॅडम म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत मॅडमच्या मागे किती दारे लावली, हे मामांनी कधी कुणाला सांगितले नव्हते आणि आजही सांगितले नाही. पण हातातला जुडगा ते जरा जास्तच वेळ चाळत राहिले, आणि मॅडम खडूच्या रेघेकडे बघू लागल्या.

फेरीला अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. वर अजून दोन मजले होते.

"म्हणजे पाऊण तास गुणिले तीन," लिपिक हळूच म्हणाला, "आणि सकाळी उघडताना पुन्हा तेवढंच."

वास्तुविशारद पटांगणावरच मांडी घालून बसला. मग त्याने मामांकडे खडू मागितला आणि चौथे प्रवेशद्वार बुजवले. थोड्या वेळाने तिसरे बुजवले. दुसऱ्यापाशी त्याचा हात थांबला.

"आग लागली तर निदान दुसरी वाट हवी. तसा नियमच आहे."

"ती ठेवा," मामा म्हणाले. "आतून ढकललं की उघडेल, बाहेरून नाही, असं दार करा."

दुपारपर्यंत बटणे दारांबाहेर आली, बावन्न दारांची चौतीस झाली आणि जिन्यासमोर एक कोनाडा निघाला, जिथून व्हरांड्याची दोन्ही टोके दिसत होती. मॅडमचे मागचे दार गेले. त्यासाठी त्यांनी वीस मिनिटे झुंज दिली आणि शेवटी मोठ्या खिडकीवर तडजोड केली. "पण मामा, हे तुम्ही लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "विभागप्रमुख मी आहे."

"हो मॅडम. आणि खिडकीची कडी खाली घेऊ या. तुमचा हात पुरेल."

वर्षअखेरीला अकरा दिवस उरले असताना मामांनी सही केली. नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले, खाली तारीख घातली आणि पेन लिपिकाला परत दिला. सात आठवड्यांत लिपिकाचे वजन चार किलोंनी घटले होते. त्याच संध्याकाळी त्याने दुरुस्तीचा प्रस्ताव लिहायला घेतला : 'अंतिम वापरकर्ता म्हणजे संबंधित विभागाचे विभागप्रमुख.' या वेळी 'प्रत्यक्ष' हा शब्द त्याने कुठेही येऊ दिला नाही.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली. प्रस्ताव मात्र भिजत पडला. परिषदेने तो भाषा समितीकडे पाठवला, समितीने 'संबंधित' या शब्दाचा अर्थ विचारला, लिपिकाने अर्थ कळवला, तर समितीची मुदत संपलेली होती. तोवर मामांनी इमारतीचा ताबा घेतल्याची सही केली, सापांच्या बरण्या एकही न फोडता नव्या कपाटांत लावल्या, आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांना बोलायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरची उजवीकडची खिडकी जरा ओढून लावावी लागते," आणि खाली बसले.

त्याच सुमारास नोकरभरतीवर बंदी आली. मामांची जागा रिकामी राहिली. किल्ल्यांचा जुडगा कुणाकडे द्यायचा यावर विभागात दोन बैठका झाल्या. पाच प्राध्यापकांनी पाच कारणे दिली. शेवटी मॅडमनी जुडगा उचलून पर्समध्ये टाकला. पर्स मिटेना, म्हणून त्यांनी मोठी पर्स घेतली.

वर्षभराने लिपिक त्यांना भेटायला गेला. दोष-दायित्व कालावधी संपत आला होता. ठेकेदाराने काय काय दुरुस्त करून द्यायचे, त्याची यादी अंतिम वापरकर्त्याच्या सहीने हवी होती. शिवाय त्याच्याकडे दोन चांगल्या बातम्या होत्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मॅडम जिन्यासमोरच्या कोनाड्यात स्टुलावर बसून प्रबंध तपासत होत्या.

"इथे बसलात?"

"इथून दोन्ही टोकं दिसतात." त्यांनी न विचारता एक कागद काढून दिला. एकवीस दोष होते. त्यातले सतरा कड्यांचे आणि बिजागऱ्यांचे. खाली सही होती.

"मॅडम, आता हा त्रास तुम्हाला होणार नाही," लिपिक म्हणाला. "आपला प्रस्ताव परवा परिषदेपुढे येतोय. तीन वर्षांनी आला. फक्त तुमचा अभिप्राय जोडायचा आहे."

"तो मी सकाळीच पाठवला. माझा विरोध आहे."

लिपिकाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "पण त्यात तुम्हीच वापरकर्त्या होताय. पदानं."

"पदानं दार उघडत नाही." मॅडमनी प्रबंधात खूण घातली. "जूनपासून विभागप्रमुख बदलतोय. नवा होणारा बाराला येतो आणि कुठल्या वाटेनं जातो ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या सहीनं इमारती बांधायच्या? त्या व्याख्येला हात लावू नका. ज्यानं कुणी लिहिली, त्यानं विचार करून लिहिली आहे."

लिपिकाने घसा खाकरला. हे ऐकायला बायको इथे हवी होती, असे त्याला वाटले. आणि लगेच, नाही तेच बरे, असेही वाटले.

"दुसरी बातमी तरी चांगली आहे," तो म्हणाला. "भरतीवरची बंदी उठली. सोमवारपासून तुमच्याकडे नवीन शिपाई येतोय. किल्ल्या त्याच्याकडे दिल्यात की तुम्ही मोकळ्या."

मॅडमनी मांडीवरच्या जुडग्यावर हात ठेवला.

"आधी कुठे होता तो?"

"ग्रंथालयात. सहा वर्षं."

"ग्रंथालयाला शटर आहे," मॅडम म्हणाल्या. "शटर कुणीही ओढतं."

त्या उठल्या. लिपिकाला त्यांनी हाताने जिन्याकडे वाट दाखवली आणि व्हरांड्याच्या टोकापासून एकेक दार ओढून पाहत येऊ लागल्या. मत्स्यालयापाशी थांबून त्यांनी बाहेरूनच दिवा घालवला.

"पाठवा त्याला सोमवारी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "महिनाभर नुसतं माझ्या मागनं फिरू दे. मग बघू."