तिसरं ठिकान न्हाई

सुहासने संगणकावरचा नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. माणसं रोज कुठून कुठे जातात याच्या रेघा त्यावर उमटायच्या होत्या. म्हणजे साथ आली तर ताप कोणत्या वाटेने पसरेल ते आधीच कळलं असतं आणि औषधं वेळेवर पोचली असती. आरोग्य खात्याने हे काम त्याच्या गळ्यात मारलं होतं. पण चाळीस घरांचे फॉर्म भरूनही भिंगारजवळच्या एका गावातून एक रेघ बाहेर पडली नव्हती.

"गावाला काय कुंपण घातलंय का?" साहेब फोनवर कडाडले. "सोमवारपर्यंत खरा नकाशा द्या, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस बघतो!"

सुहास तणतणत पुन्हा गावात गेला. पहिलंच घर भिमाजीचं. भिमाजी ओट्यावर बसला होता, बायको राहीबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"शेत आन् घर. तिसरं ठिकान न्हाई," भिमाजीने ठणकावून सांगितलं.

"मंग दर म्हैन्याला चपला कशानं झिजत्यात?" राहीबाईने सुपातून मान वर न करता विचारलं.

भिमाजीने पायातल्या चपला हळूच ओट्याखाली सारल्या. सुहासचं डोकंच फिरलं. "अहो, आजाराला फसवता येत नाही! तुम्ही लपवाल, तो बरोबर शोधत येईल!"

भिमाजी त्याला स्कूटरपर्यंत सोडायला आला आणि बाभळीआड थांबून कुजबुजला, "बायकूम्होरं इचारल्यावर मानूस काय सांगनार, साहेब? रोज भिंगारला जातो, पत्ते खेळाया. लिवा आता."

सुहासने तिथल्या तिथे नियम काढला: एकेकाला वेगळं गाठायचं, घरचं कुणी जवळ नको. मग काय, गावाला वाचा फुटली. थोरला भाऊ धाकट्याला चोरून नगरच्या कोर्टात जात होता, धाकटा थोरल्याला चोरून त्याच कोर्टात. राहीबाईसुद्धा आठवड्यातून दोनदा भिंगारला जायची.

"कशाला?"

"आमचं हे कुठं जात्यात ते बघाया. त्यांला सांगू नगा."

नकाशा रेघांनी असा भरला की गाव दिसेना. साहेब खूश झाले आणि सुहासचा नियम त्यांनी सगळीकडे लागू केला.

रविवारी ऑफिसातली देवश्री फॉर्म घेऊन नगरात सावेडीला सुहासच्याच दारी आली. त्याचं घरही यादीत निघालं होतं. विजयाने दोघांना चहा दिला, नवऱ्याला बिनसाखरेचा. त्याची शुगर वाढल्यापासून ती गूळसुद्धा कुलपात ठेवायची.

"सर, रोज कुठे कुठे जाता? आणि नियमाप्रमाणे ताईंना आत जायला सांगू का?"

सुहासला ठसका लागला. हो म्हणावं तर तिथेच पकडला गेला. "छे छे! ऑफिस आणि घर. तिसरं ठिकाण नाही."

भिमाजीचा किस्सा त्यानेच विजयाला हसून हसून सांगितला होता.

"ऑफिस तर कोपऱ्यावर आहे तुमचं," ती शांतपणे म्हणाली. "मग दर आठवड्याला पेट्रोल कशाने संपतं? थांब गं देवश्री, मी स्कूटरचा काटा बघून येते."

तिची पावलं जिना उतरू लागली, तसा सुहास देवश्रीकडे झुकला.

"लिही पटकन. भिंगार. रोज साडेपाच. जिलबी."