सेंटर फॉरवर्डची अडत

नांदुऱ्याच्या नवयुवक फुटबॉल मंडळाला एक सेंटर फॉरवर्ड पाहिजे होता आणि तो मंडळाच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहत होता. अडचण एवढीच होती, की हाक मारली की तो लगेच येत असे.

ही अडचण आहे हे सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. मी मंडळाचा चिटणीस. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, जिल्हा परिषद नवी कोरी होती आणि जो तो कामं रीतसर व्हावीत म्हणून हटून बसला होता. अशात जिल्ह्याच्या शील्डच्या अंतिम सामन्यात आमची गाठ मलकापूरच्या विजय संघाशी पडली आणि आमचा जुना सेंटर फॉरवर्ड नेमका लग्न करून अकोल्याला सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसला.

मैदान होतं अध्यक्ष नारायणरावांच्या मालकीचं, त्यांच्या जिनला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, लागून. त्यांनी भरसभेत सांगून टाकलं होतं, "औंदा शील्ड आली त मैदान मंडळाच्या नावावर करून देतो. नाही आली त मी तिथं सरकीचे पोते रचतो. मले जागा कमी पडून राह्यली."

सभेचं हे कामकाज चालू असतानाच सहदेव दारातून आत आला. सहदेव म्हणजे सुभद्राबाईंचा मुलगा. सुभद्राबाई मैदानाच्या तोंडाशी पोतं अंथरून वांगी आणि मेथी विकत. पोरगं अनवाणी खेळायचं आणि असं खेळायचं, की समोरचा बॅक चेंडू शोधत असताना चेंडू गोलात जाऊन पडलेला असायचा.

"भाऊ, मी खेयतो न," तो म्हणाला. "मले काहीच नको. हे मैदान गेलं त मी खेयू कुठी?"

नारायणरावांचा जन्म कापसाच्या बाजारात गेला होता. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोनाच्या मार्फत आला बे तू?"

"कोनाच्याच नाही. घरून आलो."

"बिना अडत्याची कापसाची बंडी चोरीची असते," नारायणराव आम्हाला म्हणाले.

बाजाराची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कापूस थेट विकला जात नाही. विकणारा आणि घेणारा सख्खे भाऊ असले, एकाच खाटेवर बसून चहा पीत असले, तरी मध्ये आपली अडत, म्हणजे दलाली, कापून घ्यायला अडत्या बसतो. त्याच्याशिवाय मालाला माल म्हणत नाहीत. खजिनदार मोतीराम यांनी तर वेगळीच शंका काढली. ते म्हणाले, "फुकट खेयतो म्हनते, म्हंजे पायात कायतरी खोट असन." मग सहदेवचे दोन्ही पाय तपासण्यात आले. खोट सापडली नाही. त्यामुळे संशय बळावला. सरतेशेवटी "खेळाडूंची आवक यापुढे रीतसर मार्गानेच व्हावी" असा ठराव झाला आणि सहदेवला परत पाठवून, अडत्यामार्फत आणवण्याचं ठरलं.

अडत्या म्हणून भगवंतरावांची नेमणूक झाली. भगवंतरावांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. पण त्यांनी आयुष्यात कापूसही पेरला नव्हता, तेव्हा ती उणीव मानायचं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी मैदानावर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "यातला माल कोनता? तो गोल गोल आहे तो, का त्याच्या मांगं पयते तो?"

सौदा जिनच्या ओट्यावर झाला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत कायद्यानं केव्हाच बंद केली होती, म्हणून नारायणरावांनी उपरणं वापरलं. उपरण्याखाली त्यांचा आणि भगवंतरावांचा हात बराच वेळ एकमेकांशी बोलत होते. सहदेव शेजारी उभा होता.

"कितीले गेलो मी?" त्यानं विचारलं.

"मालानं भाव इचारू नाही," भगवंतराव म्हणाले.

सौदा चाळीस रुपयांवर तुटला, म्हणजे पक्का झाला. सहदेवनं मागितलं होतं शून्य. शून्यावरून चाळीसपर्यंत भाव चढवणं हे भगवंतरावांचं कसब, हे सर्वांनी मान्य केलं आणि त्याच हिशेबानं त्यांची अडत प्रथम कापण्यात आली. नंतर हमाली. मी स्वतःच्या पायांनी चालत आलो, असं सहदेवचं म्हणणं पडलं. त्यावर भगवंतराव म्हणाले, "चालत आला म्हनूनच हमाली. उडत आला असता त सोडली असती."

नंतर तोलाई. त्याला जिनच्या काट्यावर बसवलं. कापूस ओला असला की वजनात घट, म्हणजे कडता, धरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सहदेव नुकताच सराव करून आलेला, अंगावर घाम. तेव्हा ओलाव्याचा कडता गेला. गोशाळेचा धर्मादाय गेला. राहता राहिला नमुना. बाजारात मालाचा नमुना अडत्याकडे ठेवावा लागतो. त्याप्रमाणे सहदेव एक दिवस भगवंतरावांच्या घरी राहिला आणि त्यांनी त्याच्याकडून गोठा झाडून घेतला. खरं पाहता नमुना परत करण्याची पद्धत नाही. पण भगवंतरावांनी मोठ्या मनानं परत केला.

सगळी वजावट होऊन हिशेबाची पट्टी निघाली, तेव्हा सहदेवकडेच आठ आणे निघत होते.

सुभद्राबाई पदर खोचून जिनवर आल्या. "माया पोराले तुमी काट्यावर बसोलं?"

"रीत आहे बाई," नारायणराव म्हणाले.

"मी बी बाजारातच बसतो नारायणराव. वांगे इकले त पैसे मले भेटते. वांग्याले नाही कोनी पैसे मांगत!"

भगवंतराव म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि आठ आण्यांपोटी त्यांनी सुभद्राबाईंच्या टोपलीतली वांगी ठेवून घेतली. सुभद्राबाई मुलाला घेऊन निघाल्या होत्या. पण सहदेवनं त्यांचा हात सोडवला. "राहू दे माय," तो म्हणाला, "मॅच झाल्यावर मैदान आपलंच आहे." आणि तो सरावाला पळाला.

इथवर सारं सुरळीत होतं. पण भगवंतरावांना मिळालेल्या अडतीची बातमी बाकीच्या दहा खेळाडूंपर्यंत गेली आणि त्यांच्या ज्ञानात भर पडली. आमचा गोलरक्षक उकंडराव हा अंगानं भरलेला आणि स्वभावानं शांत. वर्षानुवर्षं गोलात उभा राहून त्यानं मंडळाकडून चहादेखील मागितला नव्हता. तो संध्याकाळी माझ्याकडे आला.

"चिटनीस साहेब, एक सांगा. ज्यानं गोल केला त्याले जास्त, का ज्यानं त्याले आनलं त्याले जास्त?"

"ज्यानं आणलं त्याला," मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी उकंडरावनं खेळाडूपदाचा राजीनामा दिला आणि लेफ्ट बॅकचा अडत्या म्हणून तो नव्यानं हजर झाला. लेफ्ट बॅकनं उपरण्याखाली एकदा हात घातला आणि त्याचेही डोळे उघडले. तो राइट बॅकचा अडत्या झाला. राइट बॅक हाफ बॅकचा. आठवडा संपायच्या आत मंडळाकडे दहा अडते आणि एक खेळाडू असा संघ उभा राहिला. त्या एका खेळाडूवर मग दहाही जणांनी पोटअडत लावली. चिटणीस या नात्यानं मला कोणा खेळाडूचा अडत्या होणं शोभलं नसतं. म्हणून मी अडत्यांचा अडत्या झालो.

"गोलात कोण उभं राहणार?" मी उकंडरावला विचारलं.

"मीच राहतो न," तो म्हणाला. "पन अडत्या म्हनून."

"म्हणजे चेंडू आला तर?"

"आला त पाहू. आधी बोलनं करू."

मोतीरामांनी पेटी उघडली तेव्हा सगळ्यांच्या अडती देऊन चेंडूपुरतेही पैसे उरले नव्हते. चेंडू मलकापूरकरांनी आणावा असा सौदा झाला. त्या सौद्याची अडत दिल्यावर चेंडूत हवा भरायलाही काही राहिलं नाही.

सामन्याच्या दिवशी नांदुरा लोटलं होतं. डोणगावहून लोक एसटीनं आले होते. मलकापूरचा संघ गाडीतून उतरला आणि आमच्या लक्षात आलं, की ते आमच्यापेक्षा पुढे गेलेले आहेत. त्यांच्याकडे अकराच्या अकरा अडते होते. त्यांचा शेवटचा खेळाडू काट्यावर बसायच्या भीतीनं भुसावळ पॅसेंजर धरून पसार झाला होता.

पंच होते शाळेतले किसनराव गुरुजी. त्यांनी शिट्टी फुंकली. बावीसपैकी एकवीस जण मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसले, आम्ही पदाधिकारीही त्यांच्यात जाऊन बसलो, उपरणी पसरली गेली आणि हात आत गेले. लोक श्वास रोखून उपरण्यांकडे पाहत होते. मधूनच एखादं उपरणं हाललं, की टाळ्या पडत.

सहदेव एकटा उभा होता. समोर मऊ पडलेला चेंडू होता आणि त्याच्यापलीकडे रिकामा गोल होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि चेंडू घेऊन निघाला. माणसांच्या रांगेतून वाट काढत, मांड्यांवरून उडी मारत त्यानं गोल केला. मग परत येऊन दुसरा केला. मग तिसरा. सुभद्राबाई टोपली सोडून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "मार रे बाप्पा, अजून मार!" पोरगं इतकं सुंदर खेळत होतं, की मी स्वतः एकदा उपरण्यातून हात बाहेर काढला.

किसनराव गुरुजींनी जोरात शिट्टी फुंकली.

"हा गोल कोणाच्या मार्फत?" त्यांनी विचारलं.

सहदेव धापा टाकत होता. "कोनाच्या म्हंजे? मीच मारला न गुरुजी."

"थेट?"

"हाव."

"मग धरता येत नाही," गुरुजी म्हणाले. "सगळे बाद."

खेळ संपायच्या सुमारास मधल्या उपरण्यातून नारायणरावांचा हात बाहेर आला. दोन विरुद्ध एक असा सौदा होऊन आमची फत्ते झाली होती. आम्हाला दोन गोल देण्याबद्दल मलकापूरकरांनी अडत घेतली, त्यांचा एक सोसल्याबद्दल आम्ही घेतली आणि खेळ अत्यंत खिलाडूपणे पार पडला. भगवंतरावांना हार घालून त्यांची बैलबंडीतून मिरवणूक निघाली. शील्ड त्यांच्या मांडीवर होती. सहदेव गोलाच्या खांबाला टेकून रडला. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. पण पंचांच्या निर्णयात चिटणिसानं पडायचं नसतं.

नारायणराव शब्दाचे पक्के. त्यांनी आठ दिवसांत मैदान मंडळाच्या नावावर करून दिलं. मालमत्ता हाती आल्याबरोबर मंडळावर उरलेल्या अडतीचा तगादा लागला, पोटअडती तर मोजता मोजता पुरेवाट झाली, आणि ती फेडण्यासाठी मैदान विकण्यावाचून इलाज राहिला नाही. गिऱ्हाईक भगवंतरावांनी आणलं. उपरण्याखाली सौदा तुटला आणि उपरणं दूर झालं तेव्हा पलीकडचा हात नारायणरावांचा निघाला. मैदान मातीमोलानं त्यांच्याकडे परत गेलं. पुढच्या बाजाराला तिथं सरकीची पोती रचली गेली. कोणी हरकत घेतली नाही, कारण दहाही अडत्यांना मैदानाचं काही काम पडत नव्हतं.

काम पडत होतं ते एका सहदेवला. तो पोत्यांच्या थप्पीपाशी चेंडू काखेत धरून उभा राहायचा. परवा तो माझ्या घरी आला. चेंडू मांडीवर घेऊन पायरीवर बसला. मग म्हणाला, "साहेब, शील्ड त आली. मंग मैदान काऊन गेलं?"

मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याला ते समजलं नाही. जिल्हा परिषदेला एक अर्ज लिहून द्या, असं तो म्हणाला. "कोणाच्या मार्फत?" असं मी विचारल्यावर तो उठून गेला. जाताना चेंडू विसरला नाही, एवढं बरं.

आता वाचकहो, तुम्हाला त्या पोराची दया आली असेल. यायलाच पाहिजे, मलाही येते. काहीतरी केलं पाहिजे, नांदुऱ्याला जाऊन त्या चिटणिसाला जाब विचारला पाहिजे, असंही तुमच्यातल्या कोणाकोणाला वाटत असेल. अवश्य या. फक्त परस्पर दार ठोठावू नका, मी तुम्हाला ओळखत नाही. ओळखीचं कोणीतरी सोबत आणा. असं कोणी आपल्या माहितीत नाही, हे मात्र मला सांगू नका. धाकट्याच्या शाळाप्रवेशाला, रॉकेलच्या डब्याला, दवाखान्यातल्या खाटेला आणि मेव्हण्याच्या बदलीला ज्याला धरलं होतं ना, तोच चालेल. मी त्याला चांगला ओळखतो.