यात घसट वाढते

आमच्या घराला दार नव्हतं. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात दाराच्या जागी एक गोणपाट लोंबायचं, आणि ते बाजूला सारून जो आत येईल तो आपला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई शेंगा फोडायला जायची. चुलीला निखारा शेजारून यायचा, मीठ पलीकडून, आणि चहाची पत्ती ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून. रॉकेल संपलं की मी समोरच्या ठगूबाईंच्या ओट्यावर त्यांच्या कंदिलात अभ्यास करायचो. ठगूबाई मधूनच ओरडायच्या, "मोठ्यानं वाच ना भाऊ, आम्हले बी कळू दे!" थोडक्यात, आमची बठ्ठी, म्हणजे अख्खी, गल्ली माझ्याबरोबर बी.ए. झाली. पदवीच्या कागदावर मात्र एकट्या माझं नाव आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्या घरात त्याआधी कागदावर फक्त अंगठे उठले होते.

अशा घरातून उठून मी जळगावला एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, आणि खोली शोधत हस्तीमल शेठांच्या अंगणात उभा राहिलो. ही सदुसष्ट-अडुसष्ट सालची गोष्ट. शेठ वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभे होते. पांढरं धोतर, बंडी, कानात अत्तराचा फाया. मी हात जोडले. त्यांनीही जोडायला घेतले, आणि अर्ध्यावरच थांबवले.

"हा नमस्कार पहिला आणि शेवटचा," ते म्हणाले. "रोज रोज नाही करायचा. घसट वाढते."

मला वाटलं, गंमत करताहेत. शेठ गंमत करत नव्हते.

"देखो मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण शिकलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. "मालक आणि भाडेकरू म्हणजे रेल्वेचे दोन रूळ. भुसावळला जाऊन बघा, जवळ येतात का कधी? आले की गाडी पडली! खोली देतो. नळ आहे, संडास आहे, हवा आहे. चहाला बोलवायचं नाही, बोलवणार नाही. पेपर मागायचा नाही. शिडी मागायची नाही."

"शिडी कशाला मागीन मी?"

"शिडी मागायला माणूस वर येतो. वर आला की बसतो. बसला की पाणी. पाणी झालं की नाव-गाव. नाव-गाव झालं की मुलंबाळं किती. आणि मुलंबाळं निघाली की झालीच घसट!"

नाव-गाव न विचारता त्यांनी मला खोली दिली. भाडं जिन्याच्या कोनाड्यात ठेवायचं, ते तिथून नाहीसं व्हायचं. नागपंचमीला वारुळापाशी दूध ठेवावं तसं.

आता प्रश्न असा, की एका आवारात राहायचं तर कधी ना कधी बोलावं लागतंच. त्यावर शेठांनी तोड काढली होती. अंगणात त्यांची गाय होती, लाडी. शेठ माझ्याशी बोलायचे नाहीत, लाडीशी बोलायचे.

"लाडी, नळाला पाणी आलंय म्हणावं. बादली लावा म्हणावं. नंतर मग कचेरीला उशीर झाला म्हणून बोंब नको."

लाडी रवंथ करायची. मी बादली लावायचो.

"लाडी, खिडकीत सदरा वाळत घातलाय कोणीतरी. त्याची एक गुंडी तुटलीय म्हणावं."

सुरुवातीला मीही लाडीमार्फतच उत्तर द्यायचो. "लाडी, गुंडी कालच तुटली म्हणावं." एकदा एक टपालवाला पत्र घेऊन अंगणात आला, आणि दोन सज्जन माणसं पाठ फिरवून एका गाईशी वाद घालताहेत हे पाहून पत्र उंबऱ्यावर टाकून आल्या पावली निघून गेला.

बरं, संपर्क नको म्हणणारा माणूस गप्प तरी असावा! शेठ दिवसातून तीनदा खाली यायचे, संपर्क नाही याची खात्री करायला. दाराबाहेर उभे राहून खाकरायचे. मी बाहेर आलो की म्हणायचे, "मी आलो नाही. मी येणार नाही, एवढंच सांगायला आलो होतो." मग तिथेच उभं राहून, आपण का येत नाही, हे अर्धा तास समजावून सांगायचे. सख्ख्या काकानं केली नसेल एवढी माझी चौकशी या माणसानं, चौकशी करायची नाही, असं सांगत सांगत केली.

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप भरला. लाडीला पहिल्यांदा कळलं. "लाडी, आतून कण्हण्याचा आवाज येतोय. कोण कण्हतंय मला काय करायचंय? मला काही घेणंदेणं नाही. पण तुळस, आलं आणि मिरे उकळून घेतले तर बरं पडतं म्हणावं. तिघांचं पाणी निम्मं आटवायचं. झाकण ठेवायचं नाही." थोड्या वेळानं एक वैद्य खोलीत शिरला. "मी सहज रस्त्यानं चाललो होतो," तो म्हणाला, आणि त्यानं पिशवीतून काढा काढला. काढ्याचं भांडं अजून गरम होतं. खिडकीबाहेर अत्तराचा वास येत होता.

असं आमचं ठीक चाललं होतं. मग सिंधू मॅट्रिक झाली.

सिंधू माझी धाकटी बहीण. गावातून मॅट्रिक होणारी ती पहिली मुलगी, आणि तीही पहिल्या वर्गात. तिला कॉलेजात जायचं होतं. कॉलेज जळगावात, आणि जळगावात आमचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे माझी ही खोली. वसतिगृहाची ऐपत नव्हती. तिकडे मामानं वरणगावच्या फॅक्टरीतलं स्थळ आणून ठेवलेलं. मामाचा निरोप अगदी साफ होता: राहायची सोय झाली तर पोर शिकू द्या, नाही झाली तर पहिल्या तारखेला सरळ वरणगावला दाखवायला आणा.

मी लाडीला मध्ये न घेता शेठांना विचारलं. आई आणि बहीण इथे राहिल्या तर चालेल का?

शेठ दोन पायऱ्या मागे सरकले. "एकटा माणूस परवडतो, मास्तर. कुटुंब आलं की चूल येते. चूल आली की वास येतो. वास आला की घसट! पाव्हण्या म्हणून चार दिवस राहू द्या. जास्त नाही."

चार दिवसांसाठी म्हणून आई आणि सिंधू आल्या. फॉर्म तरी भरून टाकू, असा माझा विचार. आईला मी बजावलं, की इथे कोणाकडे काही मागायचं नाही, काही द्यायचं नाही, मालकाशी बोलायचं नाही.

"का? आजारी शे का तो?" आईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तेव्हा आईनं फुणके केले होते. फुणके म्हणजे वाटलेल्या डाळीत कांदा-लसूण ठेचून घालायचा, मुटके वळायचे आणि वाफवायचे. खानदेशात त्याच्या वासानं माणूस वाट चुकतो. मी हातपाय धुऊन येईपर्यंत एक वाटी वर गेलेली होती!

"आई! ते जैन आहेत! कांदा-लसूण खात नाहीत!"

"आरे बापरे," आई म्हणाली. "मंग बिचारा खास तरी काय?"

वरती काय झालं ते मला नंतर कळलं. शेठ वाटी हातात धरून बराच वेळ उभे होते. खाता येत नव्हतं. परत करता येत नव्हतं, कारण दिलेलं अन्न परत करणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं. टाकणं तर पापच. शेवटी ते खाली आले आणि फुणके त्यांनी लाडीला घातले.

लाडीनं आयुष्यात तोवर फक्त कडबा, सरकी आणि उपदेश खाल्ला होता. त्या दिवसापासून ती शेठांचं ऐकेनाशी झाली. सकाळ-संध्याकाळ आमच्या दाराकडे तोंड करून हंबरायची. "लाडी, इकडे बघ!" शेठ ओरडायचे. लाडी बघायची नाही. सगळा कारभार जिच्या तोंडून चालायचा तीच आमच्या बाजूला आली होती.

पण खरी अडचण पुढेच होती. वाटी. हस्तीमल शेठांच्या घरून दुसऱ्याची वाटी रिकामी जात नसे. शेठाणी होत्या तेव्हा नाही, त्या गेल्यावर नाही. वाटी मुगाच्या मंगोड्या, म्हणजे वाळवलेले सांडगे, भरून खाली आली. आता आमच्या घरी निखारा उसना आणत असू, पण दुसऱ्यानं भरून दिलेली वाटी आईनंही जन्मात रिकामी ठेवली नव्हती. तिनं शेवयाची खीर भरून ती वर पाठवली. वरून खाकरे आले. खालून गूळ-शेंगदाण्याचे लाडू गेले. वरून कैरीचं लोणचं आलं. शेठ दरवेळी वाटी पुढे करून बजावायचे, "ही शेवटची हां! यात घसट वाढते!" आणि आई दरवेळी म्हणायची, "हाव भाऊ, शेवटचीच," आणि चुलीकडे वळायची.

चाराचे आठ दिवस झाले. एका सकाळी शेठ अंगणात आले. डोळे लाल होते. लाडी ऐकत नव्हती म्हणून ते नळाशी बोलले.

"फार झालं. पहिल्या तारखेला खोली रिकामी पाहिजे. सगळ्यांनी जायचं. मास्तरनंसुद्धा."

सिंधूनं फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. आई मात्र शांतपणे पुढे गेली.

"जातस, शेठ. आम्हनी वाटी द्या."

वाटी त्या वेळी वर होती. आदल्या दिवशीच आमचे कळण्याचे पापड घेऊन गेलेली.

"देतो. संध्याकाळी."

"आत्तेच द्या. रिकामी द्या."

"रिकामी?" शेठ चमकले. "रिकामी कशी देऊ?"

"मंग भरीसन द्या."

"भरून दिली तर तुम्ही पुन्हा भरून आणणार!"

"आणसूच ना. आम्हनं बी घर शे."

शेठांनी नळ घट्ट पिळून बंद केला आणि ते जिना चढून गेले.

पहिली तारीख उजाडली. आई गाठोडं बांधून पायरीवर बसली. "वाटी भेटनी का निंघसूत," ती म्हणाली. वाटी येईना. दुपार कलायला लागली. कॉलेजात फॉर्म आणि पैसे भरायचा तो शेवटचा दिवस, आणि वरणगावच्या बाजूला जाणारी गाडीही त्याच सुमाराला. मी एकदा घड्याळाकडे बघायचो, एकदा जिन्याकडे. शेवटी सिंधूच उठली आणि तडतड जिना चढून गेली. "शेठजी, वाटी द्या, आम्हाला उशीर होतोय," एवढं मी ऐकलं. मग तिची हाक आली, "आई, दादा, वर या."

त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक लांब फळी होती आणि फळीवर वाट्याच वाट्या. पितळी, स्टीलच्या, एखादी जर्मन धातूची. चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या. प्रत्येकीवर कोरलेलं नाव. पोस्टातले देशमुख. सौ. विमल. एका चिमुकल्या वाटीवर नुसतंच "बेबी". आणि शेवटी आमची, चेपलेली, बिननावाची. घासून पुसून तिथे मांडलेली.

शेठ भिंतीला टेकून खाली बसले होते. गाय नाही, नळ नाही. ते थेट आमच्याकडे बघून बोलले.

"भाडेकरू येतात. वाटी देतात. मुलांच्या आईला," म्हणजे शेठाणींना, "फार हौस. भरून द्यायला बसली की दोन दिवस काय करू, काय करू. तेवढ्यात बदलीचा हुकूम येतो. माणसं जातात, वाटी राहते. बेबीच्या वाटीत घेवर द्यायचा होता. तिची गाडी निघून गेली. मग मुलांची आईही गेली, मुलं सुरतेला गेली. वाट्या कोणाला देऊ मी?" त्यांनी बंडीच्या बाहीनं नाक पुसलं. "म्हणून म्हणतो, घसट नको."

आईनं आमची वाटी फळीवरून उचलली, उलटी करून शेठांना दाखवली.

"दखा शेठ. इच्यावर नाव नही शे. नाव कोरी लेवाले पैसाच नव्हता. बिननावनी वाटी कोनी बी ऱ्हास. तुम्हनी म्हणा. मंग परत करानं कामच नही."

शेठांनी वाटी हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिली. मग उठले, डबा उघडला, मूठभर मंगोड्या वाटीत टाकल्या आणि वाटी सिंधूच्या हातात दिली.

"हिला आधी कॉलेजात नेऊन या, मास्तर," ते म्हणाले. "पाच वाजता खिडकी बंद होते. मी काल चौकशी करून आलोय." आणि आम्ही जिना उतरत असताना वरून ओरडले, "पण रोज रोज यायचं नाही हां! घसट वाढते!"

त्या संध्याकाळी ते तीनदा खाली आले.

पैसे भरले. वरणगावचं स्थळ मामानं दुसरीकडे लावून दिलं. वडील जिनिंगच्या कामामुळे गावीच राहिले; आई आणि सिंधू त्याच खोलीत राहिल्या, आणि तिथे राहून सिंधू बी.ए. झाली. पुढे ती धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवायला लागली.