समासातला गंबो

नोलन मेलाँसाँच्या घरात स्वयंपाकाची दोनशे चौदा पुस्तकं होती आणि इस्त्री करायला जागा नव्हती. साखर कारखान्यात फिटर असेपर्यंत त्याने कधी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र चर्चच्या बायकांनी छापलेलं पाककृतींचं पुस्तक कुठेही दिसलं, की ते उचलून आणायचं आणि त्यातलं काहीतरी रांधून बायकोला खायला घालायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला. बायको अर्लीन निमूटपणे खायची. फार झालं तर पाणी जास्त प्यायची.

दोनशे पंधरावं पुस्तक जुन्या बाजारात मिळालं. ते गावच्याच चर्चचं होतं आणि त्याची एक प्रत घरात आधीच होती. मग ही दुसरी कशाला, असं अर्लीनने विचारलं. नोलनने तिला समास दाखवला. प्रत्येक पानावर पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या, त्याही फ्रेंचमध्ये.

नोलन आईशी फ्रेंच बोलतच वाढला होता, पण वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या लहानपणी शाळेत फक्त इंग्रजी चालायचं, फ्रेंच शब्द तोंडातून निघाला तर छडी मिळायची. त्यामुळे एकेक अक्षर मोठ्याने उच्चारून तो कानांनी अर्थ लावायचा. गावातल्या आझेली मावशींच्या कोंबडीच्या गंबोचं, म्हणजे दाट रश्श्याचं, पान उलगडायला त्याला दोन दिवस लागले. छापलं होतं, तेलात मैदा वीस मिनिटं परतावा. समासात होतं, पाऊण तास, तांब्याच्या नाण्याचा रंग येईपर्यंत. आणि खाली बारीक अक्षरात, मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी.

आझेली मावशी आता शहाऐंशीच्या होत्या. गंबोत त्यांचा हात धरणारं एकेकाळी कुणी नव्हतं. गेली काही वर्षं ती चव राहिली नव्हती, पण त्यांच्या तोंडावर तसं कोण म्हणणार?

सर्व संतांच्या सणाला, पूर्वजांच्या कबरींना दरवर्षीप्रमाणे चुना लावून झाल्यावर, चर्चच्या अंगणात जेवण असतं. नोलनने समासाबरहुकूम गंबो केला आणि पातेलं तिथे नेलं. आझेली मावशींनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"यात सोडे आहेत."

"हो, मावशी."

"तुला कुणी सांगितलं?"

त्यांच्या कृतीत कुणीतरी चुका काढल्यात, हे सांगायची नोलनला लाज वाटली. आपल्यालाच सुचलं, असं तो म्हणाला. मावशींचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा चिरायला येणारी बाई एकच, त्यांची नणंद व्हर्डी. फुटली असेल तर तीच. व्हर्डीने शपथा घेतल्या, मग ती रडली, मग चिडली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची तीच. तिने येणं बंद केलं. दोन रविवार लोक ऑर्गनशिवाय गायले, आणि सगळे वेगवेगळ्या ठिकाणी थांबले. तिसऱ्या आठवड्यात फादरनी नोलनला फोन करून विचारलं, की सोडे म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे?

नोलन पुस्तक घेऊन मावशींकडे गेला. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं.

"हे माझं अक्षर आहे."

नोलन गोंधळला. "तुम्ही तुमच्याच कृतीतल्या चुका काढल्यात?"

"चुका मी छापायला देताना घातल्या होत्या. खरं काय ते माझ्या प्रतीत लिहून ठेवलं."

ती प्रत मावशींच्या मुलाने अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची फरशी बदलताना खोक्यात भरून कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यानंतर मावशींनी चर्चमधून नवी प्रत आणली, आणि काही आठवेनासं झालं की त्यात बघायच्या. नोलनला हळूहळू उलगडलं, की आपणच घातलेल्या चुका विसरून मावशी तेच रांधत होत्या, आणि सोडे त्यांना अंगणातल्या त्या घासाने आठवले.

"अकरा वर्षं तुम्ही सगळ्यांनी ते खाल्लंत," मावशी म्हणाल्या.

"पातेलं रिकामं व्हायचं, मावशी."

"तेच तर. मला वाटायचं, मीच म्हातारी झाले, मलाच चव लागत नाही."

त्यांनी पुस्तक एका दिवसासाठी ठेवून घेतलं आणि त्याच संध्याकाळी व्हर्डीला फोन केला. रविवारी ऑर्गन वाजला. पुस्तक नोलनकडे फडक्यात गुंडाळून परत आलं. त्याने गंबोचं पान उघडलं, तर समास कोरा होता. सगळं रबराने स्वच्छ खोडलेलं. सोबत निरोप होता, की पाऊण तास परतायला आता खांदा साथ देत नाही, शनिवारी ये.

शनिवारी नोलनने पाऊण तास मैदा परतला. तांब्याचा रंग आला, कांदा पडला, आणि त्याने आपण होऊन सोड्यांच्या बरणीकडे हात नेला. मावशींनी त्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि जरा बाहेर बसायला सांगितलं.

दारापुढच्या ओट्यावर व्हर्डी आधीच बसली होती. तिने सरकून जागा दिली. खिडकीतून वास आला. नोलनने नाक वर केलं, पुन्हा हुंगलं. सोडे नव्हते, काहीतरी वेगळंच होतं.

"आता काय टाकलं त्यांनी?"

"चाळीस वर्षं याच ओट्यावर बसून मी तेच ओळखायचा प्रयत्न करतेय," व्हर्डी म्हणाली.