आप्पांनी नाकारलेले बारा संगणक

नवा संगणक आला की गुलाबआप्पा आधी त्याचा वास घेतात. खोकं उघडायचं, मागच्या जाळीला नाक लावायचं आणि डोळे मिटायचे. नव्या यंत्राला म्हणे कोऱ्या प्लास्टिकचा वास येतो, जुन्याला दुसऱ्याच्या हापिसातल्या धुळीचा.

आप्पा वडगाव रासाईचे. उमेदीची वर्षं सैन्याच्या भांडारात गेली. आता शिरूरच्या आमच्या सरकारी कार्यालयात कंत्राटी भांडारपाल. निविदेच्या अटी पोथीसारख्या मांडीवर घेऊन वाचतात. कुणी घाई केली की एकच वाक्य: "कागूद काय म्हंतोय ते बघू." सरकारी खरेदीतल्या लुटीविरुद्ध मी कॉलेजात पत्रकं वाटली होती. ती लूट अडवतात कशी, ते मात्र आप्पांकडं पाहून कळलं.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. दौंडचा पुरवठादार बारा संगणक घेऊन आला. आप्पांनी वास घेतला, भुवया चढवल्या आणि डिस्क आजवर किती तास चालली ते मला काढायला लावलं. हिशेब आठ महिन्यांचा निघाला.

"निविदेत कोरं लिवलंय," आप्पा म्हणाले. "हे तर आठ म्हयनं नांदून आलंय."

"आप्पा, चालतंय की मस्त!" पुरवठादार म्हणाला.

"चालायला माझं गुडघंबी चालत्यात. नवं म्हनून खपवू का?"

बाराही तसेच निघाले. साहेब धावत आले. एकतीस तारखेच्या आत माल स्वीकारला नाही तर निधी परत जाणार होता. "आप्पा, तुमच्या कंत्राटाची मुदतवाढ माझ्याच टेबलावर आहे," एवढं हळूच बोलून ते गेले.

तपासणी समितीत आम्ही दोघंच. आप्पांनी सावकाश लिहिलं, 'माल जुना. नामंजूर.' खाली सही. आवाज नाही, घोषणा नाही. मी पेन मागितलं. त्यांनी कागदावर पंजा ठेवला.

"तू नगं. तू आज रजेवर व्हतास असं लिवतो."

कागदावर कधी कानामात्रा खोटी न लिहिलेला माणूस माझ्यासाठी खोटं लिहायला निघाला होता!

"तुझ्या घरी मानसं हायती. मला काढलं तर इचारनारं कोन हाय?"

मी कागद ओढून सही केली.

"येडा हायेस का रं?" आप्पा खेकसले. खिडकीकडं वळले. मग तिकडंच तोंड ठेवून म्हणाले, "सांच्याला वडगावला ये. वांगं करतो. लई वर्सं एकट्यापुरतंच शिजवतोय, अंदाज चुकंल. पन ये."