बाबाराव मामांचा नकाशा

आमच्या शेजारचे बाबाराव मामा दगड चाटतात. "जिभेला चिकटला की गेरू समजायचा," ते सांगतात, "न्हाई चिकटला तर नुस्ता मुरूम."

जिंतूर तालुक्यात कुठंही विहिरीचं काम निघालं की मालकाच्या आधी मामा हजर. सख्ख्या भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, अन् नवरदेवाचा मामा व्याह्यांच्या विहिरीत! वर आले ते धोतराला माती अन् तोंडावर आनंद. "पाव्हणे चांगले हायत. वीस हातावर गेरू हाय त्यांच्याकडं." माझ्या पोरीला स्थळ आलं तेव्हाही हेच. "वरवर काय बघायलाव? खालचा थर बघा."

जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी जोडून मामांनी गावाच्या पोटाचा नकाशा केलाय. वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या खडक, तांबडा गेरू आणि तळाला काळा पाषाण. कुणाच्या विहिरीत कोणता थर किती हातावर लागला, ते रंगीत पेन्सिलीनं भरलेलं. आम्ही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात गावाला पिण्याच्या पाण्याचा बोर घ्यायचा होता. पैसे एकाच बोरपुरते. पाणाड्यानं हातावर नारळ फिरवून देवळामागची जागा दाखवली. मामांनी नकाशा पसरला. "गेरू शाळेकडं उतरत गेलाय. पाणी गेरूवर थांबतं. शाळंपशी घ्या."

सरपंचबाई धीराची. तिनं मामांचं ऐकलं.

मशीन सुरू झालं. शंभर फूट गेलं तरी राखाडी भुकटीच. "मामा, आता गाव सोडा," कुणीतरी म्हणालं. मामा गुडघ्यावर बसून प्रत्येक मूठ चाटत होते. एकशे तीसला भुकटी लाल झाली, ओली झाली, अन् पाण्याचा फवारा उडाला. सगळं गाव चिखलात नाचलं. असा माणूस आपल्या शेजारी राहतो म्हणून माझी छाती फुगली.

सरपंचबाई म्हणाली, "मामा, बोरवर तुमच्या नावाची पाटी लावू."

"माझी नगं. कावेरीची लावा."

कावेरीमामी, म्हणजे त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली.

"अवं, पण नकाशा तर तुमी केला," मी म्हणालो.

"मी नुस्ता खाली उतरायचो. दर येळेला वर दोर तिनं धरला." मामांनी लाल चिखल धोतराला पुसला. "ती गेल्यापून एका बी विहिरीत उतरलो न्हाई. कुणाच्या भरवशावर उतरू?"