हत्तिणीच्या कार्ब्युरेटरची मोहीम

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक रणभूमी मनात आणा. तीत घोडे नाहीत, तोफा नाहीत, निशाणे नाहीत. आहे ते घराला लागून एक पत्र्याचे गॅरेज, सतरा पावले लांब आणि आठ पावले रुंद, आणि त्यात चार वर्षे तळ देऊन बसलेली, राखाडी रंगाची, गोल डोळ्यांची, घरच्या कर्त्या मुलाहून वयाने वडील अशी एक मोटार. तिला घरची माणसे हत्तीण म्हणत. तुम्ही म्हणाल, जी जागची हलत नाही तिची मोहीम कसली? तर हीच ती मोहीम. तीत पराक्रम कोणी केला आणि माती कोणी खाल्ली, ते साद्यंत ऐकावे.

हत्तिणीचे धनी राजश्री आजोबा. यांनी एकतीस वर्षे ग्रंथालयाचा कारभार केला, आणि त्यात धुळीशी त्यांचे हाडवैर जडले, आणि घराण्याचा कायदाही असा की, घराबाहेर जाणारी वस्तू लख्ख करोनच पाठवावी, परक्याने नाव ठेवू नये. शेजारचा डबा परत करणे तर दोनदा घासून, दातांच्या डॉक्टरकडे जाणे तर तीनदा दात घासून. फार काय, रद्दीत जाणाऱ्या वर्तमानपत्रांवरूनही आजोबा फडके फिरवीत. मोटारीच्या विद्येत मात्र त्यांची मजल बॉनेट उघडावे, गंभीरपणे "हं" म्हणावे आणि मग बॉनेट लावावे, येथवरच होती.

ऐसे असता सूनबाईसाहेबांचे फर्मान आले. त्या शिवणकामात निष्णात, कामे वाढलेली, तीन मशिने बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने उभी, आणि सोफ्यावर बसावे तर टाचणी टोचावी, अशी अवस्था. त्यांनी जेवताना, वरण वाढता वाढता, जाहीर केले:

"बाबा, मला गॅरेज हवंय. चालती गाडी काय, बाहेरच्या छपरातही राहील. पण ही चालतच नाही. तीस तारखेपर्यंत ती स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर जाऊन परत येऊ दे. नाहीतर एकतीसला भंगारवाला येणार, सांगून ठेवते."

आजोबांनी मदतीच्या अपेक्षेने चिरंजीवांकडे पाहिले, परंतु चिरंजीव त्या समयी लोणच्याच्या फोडीत इतके गुंतले की त्यांस काही ऐकूच आले नाही. याच गाडीतून आजोबांनी लग्नानंतर बिऱ्हाड आणले होते आणि याच गाडीतून चिरंजीव दवाखान्यातून घरी आले होते. ती भंगारात जाणे म्हणजे घरचे माणूस तराजूत घालणे, ऐसे त्यांच्या मनी आले, परंतु मागितले फक्त ताक.

दुसरे दिवशी मसलत बसली. मसलतीत आजोबा आणि त्यांची नऊ वर्षांची नात, जी कुठल्याही फटीत शिरत असे म्हणून जिला मुंगी म्हणत, ऐसे दोघेच मुत्सद्दी. गाडी सुरू होई, खोकत असे, पेट्रोलचा वास सुटे आणि मग ती मरे. खोट कार्ब्युरेटरात, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करोन इंजिनास पाजणाऱ्या यंत्रात, हे शेजारच्या गल्लीतील मेकॅनिकच्या सल्ल्याने निश्चित जाहले. त्या यंत्राचा जीर्णोद्धार करणारे एक कारागीर दूरच्या शहरी होते, त्यांस सारे उस्ताद म्हणत. त्यांस पत्र गेले आणि चार ओळींचा जबाब आला की, कार्ब्युरेटर जसा आहे तसा पाठवावा, अजिबात साफ करू नये.

येथे बाळांनो, बुद्धिमंतांची बुद्धी कैसी फिरते ते पाहा. आजोबांनी पत्र वाचले आणि हसून म्हणाले, "किती सभ्य माणूस! आपण नाही का पाहुण्यांना म्हणत, येताना काही आणू नका? म्हणून कोणी हात हलवत जातं का?" आणि मग त्यांनी मेकॅनिककडून कार्ब्युरेटर उतरवून घेतला, आणि बाह्या सारल्या, आणि रॉकेल घेतले, आणि जुना टूथब्रश घेतला, आणि दोन दिवस ऐसी घनघोर घासाघीस केली की कार्ब्युरेटर लग्नातल्या समईसारखा झळकू लागला. मग त्यास मऊ पंच्यात गुंडाळून, खोक्यात निजवून, कुरियरच्या हवाली केले, आणि गाडी दिसेनाशी होईतो आजोबा फाटकाशी हात हलवीत उभे राहिले.

सातवे दिवशी, तारीख एकवीस, उस्तादांचा फोन आला. मुंगीने तो गॅरेजातच स्पीकरवर लावला.

"साहेब, हे धुतलं कोणी?"

"मीच!" आजोबांनी छाती फुगविली. "आवडलं ना?"

उस्ताद सावकाश बोलले, "साहेब, चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत तुम्ही घर झाडून, सारवून ठेवलंत. पेट्रोल गळतं तिथं वाळून तांबूस डाग धरतो. तो डाग मला सांगतो, चीर कुठं आहे. ह्या धातूतली चीर केसाहून बारीक असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आता मी वायसर-पॅकिंग सगळं नवं घालीन, पण चीर सापडली नाही तर गाडी परत तशीच गळणार. पूर्ण तपासायचं तर महिना लागेल."

महिना! आजोबांची छाती जी खाली बसली ती वर्णन करण्यास शब्द पुरत नाहीत. एकतीस वर्षे ज्या फडक्याने कीर्ती मिळविली त्याच फडक्याने हत्तिणीचा घात केला, आणि ते फडके तर त्या क्षणीही त्यांच्या हातात होते. कारण, बाळांनो, सांगावयास लाज वाटते, परंतु लख्ख कार्ब्युरेटर परत आल्यावर मळक्या जागी कैसा बसवावा, या विचाराने आजोबा त्याच समयी इंजिन धुवावयास निघाले होते, आणि रॉकेलाची वाटी बॉनेटपाशी तयार होती.

मुंगीने वाटी पाहिली, फडके पाहिले आणि ती ओरडली, "आजोबा, थांबा! फडकं खाली! आधी खाली ठेवा!" मग फोनकडे वळून, "उस्तादकाका, वरून गळलं तर खाली पण सांडलं असेल ना? खालचं अजून धुतलं नाहीये!"

"कोण बोलतंय हे?" उस्ताद म्हणाले. "शाब्बास! बघ, बघ, कुठं तांबूस आहे?"

मग मुंगी स्टुलावर चढली, आणि आजोबांनी कशासही हात न लागू देता नुसता बॅटरीचा उजेड धरला, आणि तिने नाक इंजिनास टेकवून वर्तमान कळविले की, जेथे कार्ब्युरेटर बसत होता त्याच्या खाली, पंख्याच्या बाजूस, मोठ्या नटापासून दोन बोटे अलीकडे एक तांबूस ओघळ आहे, वर बारीक आणि खाली रुंद, गाजरासारखा. बाकी सगळीकडे नुसती काळी धूळ.

"पंख्याकडे, दोन बोटं," उस्ताद पुटपुटले. "म्हणजे कार्ब्युरेटरातल्या पेट्रोलच्या वाटीचा खालचा कोपरा. सापडली चीर! मुली, तुझ्या आजोबांना एक काम सांग."

"काय?"

"काही करू नका म्हणावं."

हा हुकूम आजोबांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण हुकूम ठरला. आठ दिवस त्यांनी हाताची घडी घालून काढले. गॅरेजच्या दारावरून जाताना ते मान वळवीत, कपाटातील वाट्या पुसून झाल्या, आणि मग पुन्हा पुसून झाल्या. सूनबाईसाहेबांनी फडके मागितले तर म्हणाले, "नको गं, माझ्या हाती देऊ नकोस."

एकोणतीस तारखेस खोका परत आला. त्याच मेकॅनिकने कार्ब्युरेटर बसविला. तीस तारखेस सकाळी सारे घर फाटकाशी जमले, चिरंजीवही आले. आजोबांनी किल्ली फिरविली. हत्तीण खोकली. पुन्हा खोकली. सूनबाईसाहेबांनी पदर मुठीत धरला, कारण सासऱ्यांचा पडलेला चेहरा पाहण्यापरीस मशिने सोफ्यावर असलेली बरी, ऐसे त्यांच्याही मनी त्या क्षणी आले. तिसऱ्या खेपेस हत्तिणीने सर्वांगास झटका दिला, धूर सोडला आणि मग ती शांतपणे घुमू लागली, आणि फाटकाबाहेर गेली, आणि कोपऱ्यावरून वळसा घालोन, हॉर्न वाजवीत परत आली, आणि बाहेरच्या छपराखाली दाखल जाहली.

"बाबा," सूनबाईसाहेब डोळे टिपत म्हणाल्या, "गाडी धुतली नाहीत का हो? किती मळलीये!"

"धीर होत नाही," आजोबा म्हणाले.

येणेप्रमाणे तीस तारखेस, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कार्ब्युरेटरची मोहीम फत्ते जाहली; हत्तीण छपरात राहिली, मशिने गॅरेजात गेली, सोफा मोकळा झाला आणि फडके कैदेत पडले. श्रेय कोणाचे याविषयी वाद असू नये म्हणोन आजोबांनी स्वतःच सर्वांसमक्ष कबूल केले की, आपण तीन आठवडे मोहीम लढविली, पैकी उपयोगाचे काम काहीच न करण्याचेच ठरले.

मग सारे चहास आत गेले. मुंगी मात्र मागे राहिली. हत्तिणीच्या पोटाखाली, मघा नसलेला, रुपयाएवढा एक काळा, तेलकट ठिपका पडला होता. तिने वाकून वास घेतला, आईच्या शिवणकामातला खडू आणला, ठिपक्याभोवती गोल ओढला, बाजूस तारीख घातली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले: आजोबांनी पुसू नये.